पावतीवर छापलेलं 'मीठ नको'

माझा थोरला भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. एकतीस वर्षं झाली. नुसता दोराचा आवाज ऐकून तो सांगतो, कुठलं चाक कुरकुरतंय. स्वतःच्या तब्येतीची कुरकुर मात्र त्याला कधी ऐकू आली नाही. गेल्या वर्षी कंपनीच्या तपासणीत त्याचा रक्तदाब इतका निघाला की डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा मोजला.

"सहा महिने देतो," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या वेळेवर, आणि मीठ दिवसाला अर्धा चमचा. आकडा उतरला नाही तर वर चढणं बंद. टेबलावर बसून तक्रारीचे फोन घ्यायचे."

दादाला फोनचा भारी कंटाळा. आमच्याशीसुद्धा तो 'हं' आणि 'बरं' याच्या पुढे जात नाही.

वहिनीने घरात मीठ जवळजवळ बंदच केलं, स्वतःचंसुद्धा. प्रश्न होता दुपारचा. डब्यातलं थंडगार, अळणी जेवण दादाच्या घशाखाली उतरेना. मग त्याला ते हॉटेल सापडलं. गावभर त्याच्या शाखा, सगळीकडे तशाच काचा, तशाच खुर्च्या. मेनूकार्डावर काही पदार्थांपुढे हिरवं पान छापलेलं, म्हणजे तब्येतीला चांगलं. दादा पानवालं भाज्यांचं सूप आणि उकडलेला बटाटा घ्यायचा. काउंटरवरच्या बाईंना त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, मला मीठ चालत नाही."

"काळजीच सोडा, काका. तुमचं वेगळं," त्या म्हणाल्या. पावतीवर तसं छापूनही आलं : मीठ नको. रोजची पावती दादा घडी करून वहिनीच्या हातात द्यायचा, न मागता.

दोन महिने झाले, चार झाले. आकडा उतरायचं नाव घेईना. संध्याकाळी मोजे काढले की त्यांची खूण पायावर तशीच रुतलेली. शेवटी वहिनीने मला बोलावून घेतलं.

"हे बाहेर काहीतरी हादडतात. दाखवायची पावती एक, खायचं दुसरंच."

"वहिनी, दादा खोटं बोलत नाही गं."

"मग मीठ काय हवेतून येतंय?"

सांगायला लाज वाटते, पण दादा अंघोळीला गेल्यावर आम्ही दोघींनी त्याची हत्यारांची पिशवी उपसली. पाने, पकड, ग्रीसचा डबा, गोळ्यांची पाकिटं. तेवढ्यात तो बाहेर आला.

"काय शोधताय?"

"वेफर्स," वहिनी म्हणाली.

मी तर आणखी पुढे गेले. "दादा, देवाची शपथ घेऊन सांग."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि घेतली शपथ. मी दिवसातून दोनदा देवापुढे हात जोडणारी बाई. तरी निघताना दारात वहिनीला म्हणाले, "बघू, पुढच्या तपासणीत कळेलच." दादा तिथेच होता. त्याने ऐकलं.

पुढच्या महिन्यात त्याच हॉटेलची माल चढवायची लिफ्ट अडकली आणि तक्रार दादाकडे आली. खाली तळघरात कोठार, वर स्वयंपाकघर, मध्ये ही कपाटाएवढी लिफ्ट. काम करायला आधी आतला माल काढावा लागतो. दादाने खोकी काढली. खोक्यांत गोठवलेल्या सूपच्या पिशव्या, आणि पिशवीवर बारीक अक्षरात आतल्या जिनसा. मीठ होतं. वाटीमागे किती, तेही होतं. दादाने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. डॉक्टरांनी दिवसभरासाठी दिलेलं मीठ त्या एका वाटीतच संपत होतं.

तो वर गेला. "माझं वेगळं सूप कोण करतं?"

आचारी हसला. "इथे कोण काय करतंय? सगळं तयार येतं. आम्ही पिशवी कापायची, गरम करायचं."

"आणि 'मीठ नको'?"

"म्हणजे वरून भुरभुरायचं नाही."

काउंटरवरच्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. "काका, वरून आम्ही चिमूटभरसुद्धा टाकलं नाही हो."

"पण आत आहे, हे माहीत होतं?"

त्यांनी मान खाली घातली. "गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, असं सांगितलंय आम्हाला."

दादाने लिफ्ट दुरुस्त केली. रिकामी चालवून पाहिली, भरून चालवून पाहिली, मगच सही घेतली. घरी येऊन एक रिकामी पिशवी त्याने टेबलावर ठेवली. मीही तिथेच होते. वहिनीने वाचली, मी वाचली.

"अहो, मला काय माहीत..." वहिनी म्हणाली.

"त्या बाई तरी परक्या होत्या," दादा म्हणाला.

उरलेल्या महिन्यात आकडा उतरला, पण पुरेसा नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि फॉर्मवर 'अपात्र' लिहिलं. आता दादा डबा नेतो. सकाळी उठून स्वतःच करतो, स्वतःच भरतो. वहिनी पुढे झाली की म्हणतो, "राहू दे."

परवा आमच्या इमारतीतली लिफ्ट अडकली. मी कंपनीला फोन लावला, त्यानेच उचलला.

"दादा, मी बोलतेय. आमची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकलीय. आत कुणी नाही."

"नक्की कुणी नाही?"

"अरे, मी खोटं कशाला बोलेन?"

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

"हं," तो म्हणाला. "माणूस पाठवतो."