जज व्हिटकॉम यांचे उरलेले अडीच महिने

सरकारनं एसाहेल व्हिटकॉमना जजची खुर्ची दिली ती तहहयात. हार्मन्स बेंड गावानं तेव्हा केवढं कौतुक केलं! पण तहहयात खुर्ची म्हणजे काय बला असते, ते बसणाऱ्यालाच ठाऊक. वयाची सत्तरी आणि खुर्चीवर दहा वर्षं, दोन्ही भरली तर मरेपर्यंत घरबसल्या पूर्ण पगार. एक दिवस आधी उठलात, तर हाती भोपळा.

सहासष्टाव्या वर्षी जजसाहेबांची नजर गेली. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. हे ठाऊक दोघांनाच, बायको थर्झाला आणि कारकून ओबेडला. सकाळी कॉफी पिता पिता थर्झा कागद वाचून दाखवी, जजसाहेब पाठ करत. कोर्टात तेच कागद समोर धरून पानं उलटत. सहीच्या जागी ओबेड पट्टी धरी. लोक म्हणत, "काय एकाग्र वाचतात हो!" जजसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

अठराशे ब्याऐंशीच्या सप्टेंबरात एकदाची दहा वर्षं भरली. सत्तरी उन्हाळ्यातच झाली होती. जजसाहेबांनी हसत राजीनामा लिहवून घेतला. थर्झानं व्हरमाँटला बहिणीकडे जायला पेट्यासुद्धा भरल्या.

आणि ओबेड तेच पत्र घेऊन परत आला. "साहेब, घात झाला! टपालात टाकायच्या आधी तारखा ताडून पाहिल्या म्हणून बरं."

"आता काय झालं बाबा?"

"तुमची पहिली नेमणूक झाली तेव्हा ती मंजूर करणाऱ्या सिनेटला सुट्टी होती. ती तात्पुरती. पक्कं पत्र डिसेंबरातलं. दहा वर्षं तिथून मोजतात."

"अरे, त्या सप्टेंबरापासून डिसेंबरापर्यंत या खुर्चीत कोण बसलं होतं मग?"

"तुम्हीच. पण कायद्याच्या लेखी नाही."

थर्झा म्हणाली, "अडीच महिने ना? चार वर्षं काढलीत की!"

"सोमवारी खुनाचा खटला आहे, थर्झा. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"आणि आपण काय खायचं? या वयात लोकांची धुणी धुऊ मी?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जजसाहेबांनी पत्र फाडलं.

आरोपी जेरड पूल, नदीपलीकडचा गाडीवान. खटला चार दिवस चालला. साक्षीदार खरं बोलतोय की थापा मारतोय, ते चेहऱ्यावरून ताडायची सोय जजसाहेबांना नव्हती. रक्तानं माखलेला सदरा पुढ्यात ठेवला, त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. ज्युरीनं त्याला दोषी ठरवलं. मग कायद्यात फाशीखेरीज दुसरी शिक्षाच नव्हती.

निकालाच्या दिवशी शिपायानं पूलला पिंजऱ्यात न नेता खिडकीशी, वकिलाशेजारी उभं केलं. हे जजसाहेबांना सांगायचं कुणाला सुचलं नाही. त्यांनी पिंजऱ्याकडे तोंड केलं आणि पाठ केलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं, "जेरड पूल, तुझ्याविरुद्धचा सगळा पुरावा मी डोळ्यांत तेल घालून पाहिला आहे."

मग खिडकीकडून आवाज आला.

"साहेब, मी इकडे आहे."