बकारामच्या कातड्याची परीक्षा

दरेकसाच्या रेल्वेरूळ राखणाऱ्या गँगमधल्या बकारामला बैल कळायचा. बाजारात तो बैलाच्या मानेची कातडी चिमटीत ओढायचा आणि सोडायचा. चटकन जागेवर बसली तर बैल चांगला. रेंगाळली तर पुढे चालायचं. गावातले लोक त्याच्या चिमट्यावर बैल घेत.

छत्तीस सालच्या फाल्गुनात मुकादम खेमराजने सांगून टाकलं, पावसाळ्याआधी गँगमधली जुनी खोडं काढायची. जन्माची नोंद कोणाचीच नव्हती. बकारामचे केस पिकले होते आणि शेत नव्हतं. त्याच आठवड्यात नागपूरहून एक डॉक्टर उतरला. गँगमनांच्या हाताची कातडी चिमटीत धरून तो घड्याळाकडे पाहू लागला.

बकारामने काय समजायचं ते समजून घेतलं.

डॉक्टरचं काम निराळंच होतं. उन्हानं सैल पडणारी कातडी तेलानं ताठ राहते का, हे त्याला शोधायचं होतं. त्याने प्रत्येकाला मोहाच्या बियांचं तेल दिलं. "रोज डाव्या हाताला चोळायचं. उजव्याला थेंब लावायचा नाही. उन्हाळा संपताना येतो."

घरी बकाराम बायकोला म्हणाला, "उजवा कोरडा ठेवला का थोच हात मले घरी बसवते."

"मंग दोन्हीले लावू," धुरपताबाई म्हणाली. "तोंडालेही लावू का? थे पाहून त कोनी बाजारात उभं करनार नाही."

तिने उन्हाळाभर दोन्ही हात असे रगडले की बकाराम कण्हायचा. हलक्या हाताचं काम तिला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टर यायच्या सकाळी बकारामला बैलाच्या दलालांची युक्ती आठवली. बाजाराआधी ते बैलाला मीठ चाटवतात आणि पोटभर पाणी पाजतात. कातडी भरून येते. बकारामने मूठभर मीठ गिळलं, वर अर्धी घागर रिचवली.

डॉक्टरने डावा हात पाहिला, उजवा पाहिला. दोन्ही सारखे. त्याचं तोंड उतरलं. "तेलाचा उपयोग शून्य. बरं, कधीच ऊन लागत नाही अशी जागा दाखव."

"तशी एकच आहे, साहेब."

बकारामने धोतर सोडलं. गँगने लाजून पाठ फिरवली आणि लगेच पुन्हा वळून पाहिलं. डॉक्टरने तिथे चिमटा घेतला. कातडी लहान पोरासारखी जागेवर बसली.

"पाहिलंस? वयापेक्षा ऊनच जास्त म्हातारं करतं."

"मंग मुकादमाले सांगा ना! मले ठेवता का काढता?"

"कशातून काढायचं?" डॉक्टरने विचारलं.

तेव्हा सगळं बाहेर आलं. दोन्ही हात, मीठ, घागर. डॉक्टर ओरडला, "गाढवा, माझा अख्खा उन्हाळा मातीत घातलास!" मग त्याने इतरांना विचारलं. त्यांनी ते तेल भाजीत घातलं होतं. सांगितलेलं निम्मं तरी ऐकणारा बकाराम एकटाच निघाला.

खेमराज हसून हसून रुळावर बसला. "चामडं पाहून मानूस ठेवाले मी का बैल घेऊन राहिलो बे? धोतर नेस. बीटर घे. वळनावरचे सिलपट भर, गाडी येवाच्या आधी."

सिलपट म्हणजे रुळाखालचं लाकूड. त्याच्या पोटाखाली बीटरच्या बोथट लोखंडी टोकाने ठोकून गिट्टी, म्हणजे खडी, भरायची. गिट्टी नुसती लोटली तरी वरून छान दिसते, पण गाडी आली की लाकूड डुलतं. बकारामने लोटली नाही. तिरका घाव, दोन्ही बाजूंनी, आवाज ठस्स येईपर्यंत. खांदे भरून आले. मधेमधे पोटातलं मीठपाणी जोर करी, की बीटर टाकून तो झुडपाआड धावायचा, धावतच परत यायचा आणि सुटलेल्या जागेपासून पुन्हा ठोकायचा.

गाडी आली. खेमराज उकिडवा बसला आणि त्याने सिलपटांवर नजर लावली. डबे गेले. एकही लाकूड हललं नाही.

"सकारी कामावर येजो," तो म्हणाला.

बकाराम 'हाव' म्हणायला थांबला नाही. तो झुडपाकडे पळत होता.