मोजता न आलेला ठेका

मामा गोंधळले की कानावरची पेन्सिल काढून दुसऱ्या कानावर ठेवत. लष्करी बँडमध्ये वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. 'समजलं नाही' असं म्हणायची त्यांना सवयच नव्हती. पेन्सिल हलली की आपण ओळखायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा मी नगरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. दर रविवारी दुपारी ती पेन्सिल माझ्यासमोर इकडून तिकडे फिरत असे.

निवृत्तीनंतर मामा पारनेरला परतले आणि तिथल्या बँडवाल्यांना पाच रेघांवरचं संगीत वाचायला शिकवू लागले. सगळ्या चाली त्यांच्या हस्ताक्षरात, वह्या फाटायला आलेल्या. त्यांना त्या छापून हव्या होत्या. क्लासमधल्या एका जुन्या मशीनवर मी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. त्यात संगीत छापणारा एक प्रोग्राम सापडला. अडचण अशी की त्यात सूर रेघांवर काढायचे नसत, टाइप करायचे असत. 'सी' या सुराच्या अक्षरापुढे चारचा आकडा लिहिला की एका मात्रेचा सूर. सगळं लिहून कमांड दिली की पान तयार व्हायचं, नाहीतर स्क्रीनवर चुकांची यादी यायची.

"मी सूर सांगतो अन् तू बाराखडी लिहितीस," मामा म्हणत. मला संगीत येत नव्हतं, त्यांना कॉम्प्युटर. ते 'बी फ्लॅट', म्हणजे 'बी'चा कोमल सूर, म्हणाले की मी नुसता 'बी' लिहून पुढे जायची. मशीननं ते वाजवून दाखवलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "हे मी लिहिलेलं न्हाई." मग चूक कोणाची हे शोधण्यात दुपार जायची. मशीन आपलं एकच सांगायचं: बार भरला नाही. बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधली जागा. तिच्यात ठरलेल्या मात्रा बसल्याच पाहिजेत.

"आमचा बँडमास्तर असाच हुता," मामा म्हणाले. "पन चूक कुठं ते तरी सांगायचा."

एका रविवारी ते वही न घेताच आले. टेबलावर बोटांनी आणि तळव्यानं एक ठेका वाजवला. "हे लिही."

चार मात्रांत तो बसेना, सहांतही बसेना. पाचव्यांदा वाजवला तर मधला एक आघात जरा मागे रेंगाळला.

"मामा, दर वेळी वेगळं येतंय."

"वेगळं न्हाई. तेच हाय."

"मग मोजून सांगा."

पेन्सिल या कानावरून त्या कानावर गेली. "मला मोजता येत न्हाई," ते म्हणाले. असं काही मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

मग त्यांनी सांगितलं. ठेका आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. आबा गावात हलगी वाजवायचे. लग्न असो की मयत, हाक आली की जावंच लागायचं. छप्पन साली धम्म घेतला आणि त्यांनी हलगी खाली ठेवली, ती कायमची. मामा तेव्हा सात वर्षांचे.

"आबांनी बरोबरच केलं," मामा म्हणाले. "मग हे माझ्या हातातनं का जात न्हाई? लिहून ठेवावं का न ठेवावं, कळंना झालंय."

घरी मी आईला सांगितलं. ती मामांपेक्षा चार वर्षांनी मोठी. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. "आबांनी जे टाकलं ते हा कागदावर आनतो? लोक दारात यिऊन कशा हाका मारायचे ते मी ऐकलंय. त्याला कुठलं आठवतंय."

पुढच्या रविवारी मी हे मामांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. मला वाटलं, विषय संपला.

"आक्काचं खरं हाय," ते म्हणाले. "तरीबी लिहू."

शेवटी मला सापडलं की बारच्या रेघाच काढून टाकता येतात. मामा वाजवत गेले, मी नुसते आघात लिहीत गेले, काही जवळ, काही लांब. पानावर संगीतकाराच्या नावाची जागा होती. मामांनी आबांचं पूर्ण नाव सांगितलं. मराठी अक्षरं तिथं उमटत नव्हती, म्हणून ते इंग्रजीत छापलं. त्याखाली मामांनी पेन्सिलीनं मराठीत लिहिलं, 'यांनी वाजवणं सोडलं.' मग मला विचारलं, "असं लिहिलेलं चालतं का गं?" मी कागदाची घडी घालून त्यांच्या हाती दिली.

चार-पाच वर्षांनी मामा गेले. त्यांच्या ट्रंकेत छापलेल्या साऱ्या चाली नीट लावून ठेवलेल्या होत्या. तो कागद मात्र नव्हता. फाडला असेल, कुणाला दिला असेल, मी बरेच दिवस तर्क करत राहिले. एकदा न राहवून आईला विचारलं.

"माझ्याकडं हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात त्याच्याकडनं मागून घेतला."

"तू तर चिडली होतीस."

"व्हय. अजूनबी चिडलेलीच हाय." तिनं कपाटातून कागद आणला आणि उलगडून माझ्यापुढं धरला. "यातलं आबांचं नाव कुठलं, तेवढं दाव."