खडक सोलणारा भूगोल विभाग

रोह्याच्या आमच्या कॉलेजातल्या भूगोल विभागाचे किस्से कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत. चहाला बसलं की एक निघतो, त्यावरून दुसरा आठवतो. विभागात माणसं तीनच: विभागप्रमुख गवळी सर, वैद्य मॅडम आणि मी. हसून झालं की तिघंही खाली बघतो. खडक-मातीची झीज शिकवताना आमचीच लाज जास्त गेली आहे.

*

सरांना प्रात्यक्षिकाची भारी हौस. पावसात माती कशी वाहून जाते ते दाखवायला त्यांनी दोन ट्रे तिरके मांडले. एकात उघडी माती, दुसऱ्यात गवत. प्राचार्यांना खास बोलावलं. झारीनं पाणी ओतलं, तर उघडी माती जागच्या जागी आणि गवताचा अख्खा थर घसरून प्राचार्यांच्या पांढऱ्या पँटवर! गवत सरांनी त्याच सकाळी मैदानातून उपटून रोवलं होतं.

प्राचार्य पँट झटकत एवढंच म्हणाले, "गवळी, मुद्दा लक्षात आला."

*

मग तपासणीला कमिटी आली. कपाटात 'जांभा' अशी चिठ्ठी लावलेला लाल दगड होता. वैद्य मॅडम रंगात येऊन सांगत होत्या, पावसानं खडकातलं बाकीचं धुऊन जातं, लोह उरतं, म्हणून हा रंग. कमिटीतल्या बाईंनी दगड उचलून उलटा केला. खाली वीटभट्टीचा छाप.

बाईंनी तो हळूच परत ठेवला, छाप खाली करून. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मॅडम अजून म्हणतात.

*

कासूला सहल नेली तेव्हाची गोष्ट. स्टेशनपासून लांब, एका आदिवासी वाडीजवळ मॅडमना मोठा गोल खडक सापडला. ऊन-पावसानं त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले होते. मॅडमनी पोरांना हातानं सोलून बघायला सांगितलं. पोरांनी मनापासून सोलला, तुकडे बॅगेत भरले.

तेवढ्यात वाडीतली एक म्हातारी मोळी घेऊन आली. तिनं मोळी खाली ठेवली आणि मॅडमना हात धरून खडकाच्या पलीकडे नेलं. तिथे शेंदूर फासलेला, ताजी फुलं वाहिलेली.

"आमचा देव हाय गो," ती म्हणाली. "त्याला कशाला सोललात?"

पोरांनी एकेक तुकडा बॅगेतून काढून देवापुढे ठेवला.

*

आणि हा धरमतरच्या खाडीचा. पेणमार्गे मुलांना तिथे नेलं होतं. भरतीच्या लाटांनी मातीचा बांध पोखरून फोडला होता, खारं पाणी थेट भातशेतीत शिरलेलं. गवळी सर एकदम खुलले. इतकं सुंदर उदाहरण पुस्तकातही नाही, म्हणाले. फोटोत बांधाची उंची कळावी म्हणून त्यांनी सानिका नावाच्या मुलीला तुटलेल्या कडेपाशी उभं केलं. सर म्हणाले, जरा हस.

फोटो झाला आणि शेजारच्या घरातून एक गृहस्थ चहाची किटली घेऊन आले. सानिकानं खालमानेनं सांगितलं, "सर, हे माझे बाबा. शेत आमचंच आहे."

बाबांनी सगळ्यांना चहा दिला. पोरं आमच्याकडे आली, बरं वाटलं, म्हणाले. आम्ही घाईघाईनं निघायला लागलो, तर त्यांनी सरांना थांबवलं.

"वाईच बसा की, सर. भरती आली का अजून चांगलं दिसल."