शेठच्या तीन गाड्या

चौलला आमच्या वाडीशेजारी मुंबईच्या एका शेठचा बंगला आहे. बाबा त्यांचे ड्रायव्हर होते. शेठना जर्मन गाड्यांचं वेड. पहिली होती चौकोनी दिव्यांची, चार दारांची. गिअर हाताने टाकायचे, आणि वळणावर चूक झाली तर ती बाबांनीच सावरायची. मग दोन दारांची कूपे आली. लांब नाक, बुटकं छप्पर, मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला. ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे पावसात तिचा मागचा भाग सरकायचा. बाबा म्हणायचे, ती स्टिअरिंगमधून रस्ता हातात सांगते. घरी आमच्याशी कमी बोलणारा माणूस तिच्याबद्दल मात्र जेवण थंड होईपर्यंत बोलायचा.

मग शेठनी दोन्ही विकून नवी घेतली. पुन्हा चार दारांची, पण आत बटणांच्या जागी सगळे स्क्रीनच स्क्रीन. बाजूला काही जवळ आलं की ती पी-पी करायची, रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग थरथरायचं. बाबांना ती कधीच आवडली नाही. वडखळच्या पुढे हायवेला लागलं की ती सारखी ओरडायची. शेठनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले की सेन्सरमध्ये खारी हवा शिरली असेल. गाडी वर्कशॉपला गेली. तिच्यात काही बिघाड निघाला नाही.

त्यानंतर रेवदंड्याच्या बाजारात एका मोटारसायकलवाल्याला गाडीची डावी बाजू लागली. त्याचा पाय मोडला. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "तो तिथं नव्हता."

शेठ रागावले नाहीत. गाडी उगाच ओरडत नव्हती हे ओळखून त्यांनीच बाबांना अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मी सोबत होते. बाबांना एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं आणि हातात बटण दिलं. समोर बघायचं आणि कडेला उजेड चमकला की बटण दाबायचं. मला बाहेरून यंत्राच्या पडद्यावर ठिपके उमटताना दिसत होते. बाबांचा अंगठा हलत नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "अजून मशीन चालू न्हाय केलं का?"

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर कधीच गेली होती. समोरचं दिसत होतं, म्हणून त्यांना पत्ता लागला नाही. जुन्याच गाड्या असत्या तर आणखी किती काळ कळलं नसतं, आणि तोवर कोण कोण चाकाखाली आलं असतं, हा विचार बाबांच्या मनातून जात नाही. त्या मोटारसायकलवाल्याच्या घरी ते गेले होते. तो उठून बसलासुद्धा नाही.

गाडी आता दुसरा ड्रायव्हर चालवतो. ती फाटकातून गेली की बाबा उठून आत जातात.

हा आजार मुलांत उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांनी आमचेही डोळे तपासायला सांगितलं होतं. भावाचे चांगले निघाले. माझ्या डाव्या डोळ्यात सुरुवात आहे. रोज संध्याकाळी आई आम्हा दोघांना ओटीवर शेजारी बसवते आणि आधी बाबांच्या, मग माझ्या डोळ्यांत थेंब घालते. बाबा तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत.