काळ्या मातीची चूल

सामान खटाऱ्यावर चढलं, पाटा-वरवंटा सगळ्यांत शेवटी ठेवला, तरी सासूबाई काही ओट्यावरून उठेनात. गिरगावातली आपली सगळी वाडी गोळा झाली होती. जाऊबाई, तुम्ही दाराला टेकून उभ्या होतात, आठवतं ना? कुणी म्हणालं, "दादरला काय, रानातच चाललात की!" कुणी म्हणालं, "हवा चांगली हो तिकडची." मी आपली हसत होते आणि पदरानं डोळेही पुसत होते. शेवटी सासूबाई उठल्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तुळशीची तीन रोपं माझ्या ओटीत घातली आणि म्हणाल्या, "ही परसात लाव. जगली तर तुळशीच्या लग्नाला येईन. जिथं तुळस लागत नाही, त्या घरचं पाणी मी पिणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

तीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली मी. त्यांनी माझ्या घरचं पाणी घेतलं नाही, तर ते घर कसलं? नुसतं बिऱ्हाड. म्हणून सबंध वाटभर मी ती रोपं मांडीवर धरून बसले होते.

मुली सासरी गेलेल्या, मुलगा पुण्यास शिकायला. राहायला आम्ही दोघंच. नवी चाळ, दोन खोल्या, मागं परस. हे सकाळी आगगाडीनं कोटातल्या हपीसात जाणार आणि दिवेलागणीला परत येणार. पुढं भातशेतं, पलीकडं माड. परसात पाऊल टाकलं आणि मी हरखूनच गेले. माती कशी, तर काजळासारखी काळी! भुसभुशीत, हात घातला की मनगटापर्यंत आत. माझं माहेर कोकणातलं, तिथं कुदळ मारली की ठिणगी उडते. म्हटलं, देवानं लोणी वाढून ठेवलंय. त्याच दिवशी ती माती कालवली, भाताचं तूस घातलं आणि सुरेख चूल घातली. उरलेल्या मातीत शेण मिसळून जमीन सारवली. शेजारणींना हाका मारमारून दाखवली मी ती चूल. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

पुढचं जेवायच्या आधी वाचू नका, बरं का.

चूल पेटवली की एक वास यायचा. केस जळल्यासारखा, कोंदट, घशाला चिकटणारा. मला वाटे, गोवऱ्या ओल्या असतील. गोवऱ्या बदलल्या, लाकडं आणली, पण वास काही जाईना. माशा तर इतक्या, की वरणावर झाकण ठेवायला हात उचलावा तोवर चार आत. सारवलेली जमीन दमट दिवसांत सुटायची, आणि पायाच्या तळव्याला काहीतरी तेलकट लागायचं. त्यात परळच्या गिरणीची काजळी वाळत घातलेल्या धोतरावर. आपल्या वाडीतही घाण होती हो, मी कुठं नाही म्हणते? पण ती ओळखीची घाण होती, कुणाची कोणती ते नावानिशी सांगता यायचं. ही निनावी.

आणि तुळस? पहिलं रोप आठवड्यात माना टाकून मेलं. दुसऱ्याला मी ताक घातलं, राख घातली, उन्हाला आडोसा केला. तेही गेलं. तिसरं पिवळं पडलं तेव्हा मला राहवेना. उपटून बघते तो मुळं काळी, कुजक्या सुतळीसारखी. म्हटलं, खाली आहे तरी काय? खुरपं घेतलं आणि बसले खणायला.

हातभर खाली पत्रावळीच्या काड्या निघाल्या. मग बांगड्यांच्या काचा. विंचरून टाकलेल्या केसांचं गुंतवळ. हाडाचा तुकडा. कुणाच्या तरी आजारपणातली चिंधी, तिचं वर्णन मी करणार नाही. एक वाफ आली जमिनीतून, गरम. अगदी माणसाच्या तोंडातून यावी तशी.

वरळीची पारू कोळीण त्याच वेळी मागच्या दारी पाटी उतरवत होती. ती माझ्याकडं बघून हसायलाच लागली.

"बाय, काय सोनं गावलं काय गो?"

"पारू, हे काय आहे?"

"हितं डबकं व्हतं मोठं. तुमच्या शेराचा कचरा गाड्या भरभरून आनला नि वतला. दोन पावसालं वतत व्हते. कुजून कालं जालं, नि तुमी त्याला माती म्हनता!"

जाऊबाई, मी खुरपं टाकलं आणि तिथंच ओकले. त्या मातीच्या चुलीवर मी देवाचा नैवेद्य शिजवला होता! सोवळं नेसून, मुकाट्यानं, हात तीनतीनदा धुऊन. मग आत गेले आणि पाट्याचा वरवंटा घेऊन चूल फोडली. फुटलेल्या ढेपेतूनही केस लोंबत होते.

संध्याकाळी हे आले. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

हे पगडी उतरवता उतरवता थांबले. "अगं, सगळी मुंबई भरणीवरच उभी आहे. समुद्र बुजवूनच केली ना?"

"तो दगडांनी बुजवला. उष्ट्याखरकट्यानं नाही."

"दगड आणि कचरा, वर चाळ बांधली की सारखंच."

"म्हणजे ठाऊक होतं."

यांनी पगडी खुंटीला लावली आणि पायांवर पाणी घ्यायला गेले. तीन दिवस मी शेगडीवर नुसती पेज केली. हेही हूं की चूं न करता प्याले.

चौथ्या दिवशी पारू आली, ती मासळीच्या पाटीत लाल माती घेऊन. वरळीच्या टेकडीची. वर तिच्या कोळीवाड्यातल्या दारचं तुळशीचं रोप. "यो लाव कुंडीत. खाली नको लावू," म्हणाली. पाटीला बोंबलाचा वास येत होता. पण मला त्या दिवशी तो वास कसा स्वच्छ वाटला म्हणून सांगू! नवी चूलही मी त्याच मातीची घातली. तुळस धरली. आश्विनात तिला मंजिऱ्या आल्या.

कार्तिकात सासूबाई घोडागाडीतून उतरल्या, नाकाला पदर लावूनच. थेट परसात गेल्या, हिरवीगार तुळस पाहिली. "लागली गं," म्हणाल्या, आणि हात पुढं केला. मी गडू भरून दिला. त्यांनी तो ओठांपाशी नेला. पंचाहत्तरीच्या बाई, इतक्या लांबून आलेल्या, घसा सुकलेला. मी गप्प बसले असते तर झालंच होतं.

"थांबा," मी म्हटलं. "ती तुळस इथल्या जमिनीतली नाही." आणि मग सगळं सांगितलं. तीन रोपं, चूल, नैवेद्य, मासळीची पाटी, काही म्हणजे काही ठेवलं नाही.

त्यांनी गडू खाली ठेवला. "खड्डा दाखव." मी झाकलेला खड्डा उघडला. काठीनं त्यांनी उकरलं. एक हिरवी काच वर आली, पत्रावळीचा तुकडा आला. "शी शी शी!" म्हणत त्या थुंकल्या.

"आपल्या वाडीतून गाड्या कुठं जायच्या गं?"

"मला काय ठाऊक? मी कधी विचारलंच नाही."

"मीही नाही." मग म्हणाल्या, "आण तो गडू. आपल्याच वाडीचं असेल. परक्याचं असतं तर प्याले नसते."

कुणाचं होतं ते देव जाणे. त्यांनी गडू रिकामा केला.

लग्न लागलं, जेवणं झाली. आणि सासूबाई आपली उष्टी पत्रावळ हातात धरून मागच्या दारी उभ्या राहिल्या. "ही कुठं टाकू?"

हे म्हणाले, "दारात टोपली आहे की. सकाळी गाडी नेते."

"कुठं नेते?"

"खण," सासूबाई मला म्हणाल्या. मी डाव्या कोपऱ्यात हातभर खणलं. त्यांनी खाली बसून पत्रावळ आत ठेवली, वर माती ओढली. "हात धुवायला पाणी दे," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी परत गेल्या, पण तेव्हापासून दर कार्तिकात येतात, हे तुम्ही जाणताच.

तुम्ही विचारता, परत गिरगावात कधी येता? आले होते ना मागं. तुमच्या मोरीपाशी ती भरलेली टोपली बघितली आणि मला जेवण जाईना. तुम्हाला वाटलं, दादरची झाले म्हणून नाक मुरडते. तसं नव्हतं हो.

कचऱ्याच्या गाड्या आता आमच्या चाळीच्या पुढं जातात. खाडीच्या अंगाला नवी चाळ उठते आहे. तिथं एखादीचं सामान उतरलं की मी आधी धावत जाते, हळदीकुंकू मागाहून. "बाई, काही करा, ती काळी माती चुलीला घेऊ नका." काही ऐकतात, काही हसतात. आणि मी घरी येऊन माझा कोपरा खणते. गिरगाव माझं घर होतं तेव्हा माझं उष्टं कुठं जातं ते मला ठाऊक नव्हतं. इथं ठाऊक आहे. परसात, डाव्या अंगाला, हातभर खाली.