उष्टी दशमी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. मायक्रोस्कोपखाली जे दिसत नाही, ते माझ्या लेखी नसतंच.

तर गेल्या ऑक्टोबरअखेरची गोष्ट. आम्ही आयर्लंडमध्ये, डून लेरी गावात राहतो. सुट्टीच्या दिवशी एकटीने डोंगर चढायचा हा माझा जुना शिरस्ता. जवळच्या विकलोच्या डोंगरात त्या वर्षी बर्फ लवकर पडला होता. भोरहून आलेल्या सासूबाईंनी सकाळी दशम्या बांधून दिल्या.

“वर्षा, खायच्या आधी जागेवाल्याला घास काढ गं.”

“अहो आई, इथे कुठला आलाय डोंगर राखणारा जागेवाला?”

“डोंगर हाय ना? मग जागेवाला हाय. आल्यावर विचारणार मी!”

वर पोचले तेव्हा स्वच्छ ऊन होतं. खाली काळंभोर तळं, बर्फातून डोकं काढणारं तांबूस गवत. एका सपाट दगडावर बसून दशमी खायला घेतली. दोन घास झाल्यावर आठवलं – घास काढायचा राहिलाच! घरी खोटं बोलायचा मला कंटाळा, म्हणून हातातला चावलेला तुकडाच दगडावर ठेवला आणि सरळ पुढे निघाले.

मग ढग उतरला, बर्फ भुरभुरू लागला. पांढरा बर्फ, पांढरी हवा... वर काय, खाली काय, कळेना. नवल म्हणजे भीती वाटली नाही. दुलईत गुरफटल्यासारखं सुस्त वाटत होतं. पाय आपोआप चालत होते आणि माझ्याच पावलांचा आवाज कुठून तरी लांबून येत होता. इथेच जरा टेकावं, डोळे मिटावेत... ते लक्षण बरं नव्हतं, हे आता कळतं.

आणि समोर दगड. त्यावर माझी दशमी.

माझा पुढचा एक दात वाकडा आहे. चाव्याची खूण चुकणं शक्य नाही. दगडावर बर्फ साचला होता. तुकड्यावर कण नाही.

“चकवा लागला की काय!” मी मोठ्याने म्हणाले आणि स्वतःवरच चिडले. झोप उडाली. फिरून त्याच जागी आले, म्हणजे मघाची सरळ वाट चुकीची. म्हणून डावीकडे वळले. थोड्याच वेळात पायाखाली पायवाटेच्या लाकडी फळ्या लागल्या, मग पाइनची झाडं, मग माझी गाडी.

घरी लेकीने माझ्या घड्याळातला चालण्याचा नकाशा उघडला. “मम, यू नेव्हर वेंट राउंड. लुक.”

रेघ कुठेही गोल फिरलेली नव्हती. मी डावीकडे वळले ती जागा पहिल्या दगडापासून चांगलीच लांब होती. आणि तिथून सरळ पुढे कडा. खाली तळं.

जीपीएस चुकतं, मान्य. म्हणून लख्ख उन्हात पुन्हा जाऊन आले. जेवणाचा दगड सापडला, रिकामा. वळणाच्या जागी दगडच नव्हता... नुसतं गवत, आणि हाकेच्याही अंतरावर नाही, अगदी पायाशी म्हणावा असा कडा.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “उष्टं दिलंस. परत आणून दिलं त्यानं.”

थंडी, थकवा, भास – सगळं लावून पाहिलं. त्या तुकड्याचं उत्तर कशातच बसत नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा. डोंगरावर डबा उघडला की पहिला घास मात्र मी आता खात नाही.